तात्या विंचू आणि आपल्या गावातली भीती

हलक्या धानाची कापणी आटोपत आली की आपल्या झाडीपट्टीत रात्री रंगायला लागतात. दिवाळी झाली की वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगावी जातात, मंडप पडतो, आणि सारं गाव शाली पांघरून रात्रभर नाटक पाहतं. याच सुमारास, 31 ऑक्टोबरला, मोठ्या शहरांत हॅलोविन नावाचा सण साजरा होताना दिसतो. नागऱ्याच्या आणि आजूबाजूच्या गटांतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुली मोबाइलवर ते पाहतात आणि घरी विचारतात, "हे काय असतं गं?" म्हणून आज त्याविषयी बोलू, आणि भुताचा एक सिनेमा गटाने बसून कसा पाहायचा तेही सांगते.

हॅलोविनचं मूळ आयर्लंडकडचं. पीक घरात आलं, हिवाळा तोंडावर आला, की मेलेल्यांचे आत्मे घराकडे फिरकतात अशी तिथल्या लोकांची जुनी समजूत होती. पुढे त्याचा खेळ झाला. भोपळा कोरून त्यात दिवा ठेवतात, पोरं भुताचे वेष घेऊन दारोदार खाऊ मागतात, आणि मोठी माणसं घरात बसून भुतांचे सिनेमे पाहतात.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण काय करतो? मारबत काढतो. नागपूरची काळी आणि पिवळी मारबत तर शंभराहून जास्त वर्षांपासून निघते. रोगराई, इडापिडा, खोकला, सगळं तिच्यासोबत गावाबाहेर जावं म्हणून मोठ्याने ओरडायचं, हसायचं आणि शेवटी तिला जाळून मोकळं व्हायचं. भीतीला एक रूप द्यायचं आणि सगळ्यांनी मिळून तिच्यावर हसायचं, ही रीत जगभर आहे. भुताचा विनोदी सिनेमा त्याच रीतीतला.

आता मराठीतला असा सिनेमा म्हटला की आधी नाव येतं 'झपाटलेला'चं. हा सिनेमा 1993 साली आला. दिग्दर्शक महेश कोठारे. लक्ष्याचं काम लक्ष्मीकांत बेर्डेंचं, आणि तात्या विंचू झाले दिलीप प्रभावळकर. परदेशात 1988 साली 'चाइल्ड्स प्ले' नावाचा एक सिनेमा आला होता. गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना त्यातली. पण आपल्याकडे ती अशी मुरली की आजही पोरं एकमेकांना तात्या विंचूची भीती घालतात आणि स्वतःच खिदळतात.

गोष्ट तुम्हाला ठाऊकच असेल. तात्या विंचू हा अट्टल गुन्हेगार. मरायच्या आधी तो मंत्राच्या जोरावर आपला जीव एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला येतो भोळ्या लक्ष्याकडे. बाहुला बोलतो, चालतो, माणसं मारतो, हे लक्ष्या जीव तोडून सांगतो, पण ऐकणाऱ्यांना वाटतं यालाच वेड लागलं. आपल्याला हसू येतं ते इथे, आणि भीतीही वाटते ती इथेच.

या सिनेमात मोठमोठे महाल नाहीत, परदेशातलं चित्रीकरण नाही, आणि आज संगणकावर करतात तशी करामतही नाही. सगळा भार एका बाहुल्यावर. तो बाहुला केला रामदास पाध्ये यांनी. ते शब्दभ्रमकार, म्हणजे ओठ न हलवता बोलणारे कलावंत. त्यांचे वडील य. के. पाध्ये हेही याच कलेतले, अर्धवटराव हा बाहुला त्यांचाच. शब्दभ्रमकार प, ब, म अशी ओठ मिटून निघणारी अक्षरं जिभेच्या मदतीने काढायला शिकतो, तोंड जेमतेम उघडं ठेवतो आणि त्याच वेळी बाहुल्याचा जबडा हलवतो. आपलं लक्ष हलणाऱ्या तोंडाकडे जातं, आणि आवाज तिथूनच आला असं मन ठरवून टाकतं. यात जादू कसलीच नाही, आहे ती वर्षानुवर्षांची मेहनत.

थोड्या पैशात भीती कशी उभी करतात, ते गटाने पाहताना नीट बघा. बहुतेक स्वस्त भयपटांत चार गोष्टी असतात. पहिली अंधार : जे दिसत नाही ते मन स्वतः भरून काढतं. दुसरी आवाज : दार करकरतं, वारा घोंगावतो, मग एकदम शांतता. तिसरी वाट पाहायला लावणं : भूत आधी दाखवतच नाहीत, फक्त कुणाचा तरी घाबरलेला चेहरा दाखवतात. चौथी, एखादी साधी ओळखीची वस्तू भलत्या जागी ठेवणं : बाहुला रात्री झोपवला तिथे सकाळी नसतो.

एक गंमत करा. सिनेमातला सगळ्यांत भीतीचा भाग आला की टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करा आणि तोच भाग पुन्हा पाहा. लहान पोरंसुद्धा हसायला लागतील. मग त्यांना विचारा, आत्ता भीती कुठे गेली? पोरं स्वतःच सांगतील की भीती आवाजात होती. हा धडा त्यांना जन्मभर पुरेल.

आता मुद्द्यावर येते. गावातली भीतीही याच चार गोष्टींवर चालते. अंधार म्हणजे आजाराचं कारण माहीत नसणं. आवाज म्हणजे कुजबुज. वाट पाहायला लावणं म्हणजे "आणखी कुणाला होते ते पाहा" असं म्हणणं. आणि ओळखीची वस्तू भलत्या जागी म्हणजे दारात सापडलेलं लिंबू. फरक एवढाच, की सिनेमातलं भूत दोन-अडीच तासांत संपतं. गावातल्या भुताला मात्र एक नाव दिलं जातं, आणि ते नाव बहुधा बाईचं असतं. विधवा, एकटी राहणारी, मूल नसलेली, नाहीतर जमिनीचा हिस्सा मागणारी बाई.

आपल्या भुतांची नावंच पाहा ना. हडळ, जखीण, चेटकीण, अळवंतीण. अळवंतीण कोण, तर बाळंतपणात गेलेली बाई. जिला वेळेवर सुईण मिळाली नाही, दवाखाना मिळाला नाही, तिचंच आपण भूत केलं आणि तिलाच घाबरलो. म्हणून सिनेमा पाहताना हाही प्रश्न गटात टाका : यात भूत कोण आहे, आणि त्याला भूत कुणी केलं? तात्या विंचूच्या गोष्टीत भूत गुन्हेगार आहे, मरण्याआधीही तो गुन्हेगारच होता. गावात बोट दाखवतात त्या बाईचा गुन्हा काय असतो?

एक उदाहरण घेऊ. एखाद्या घरात मूल सारखं आजारी पडतं. हातपाय दुखतात म्हणून रडतं, डोळे पिवळे दिसतात, अंगात रक्त राहत नाही. मग दुसऱ्या मुलालाही तसंच होतं. लोक म्हणतात करणी केली, आणि शेजारणीकडे पाहू लागतात. पण पूर्व विदर्भात, आपल्या गोंदिया जिल्ह्यातही, सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. तो आईवडिलांकडून येतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. वाहक आईबाप स्वतः धडधाकट दिसतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी होते. आशाताईंना विचारा. थंडीताप असेल तर आधी हिवतापाची तपासणी करून घ्या. बांधीत साप चावला तर मंत्र मारणाऱ्याकडे न जाता थेट सरकारी दवाखाना गाठा. सर्पदंशावरचं औषध तिथेच आहे.

आणि कायदाही ठाऊक असू द्या. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. ज्या कायद्यासाठी ते कित्येक वर्षं झटले, तो त्याच वर्षी महाराष्ट्रात झाला. आपण त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते, तिच्यामुळे रोगराई येते, असं पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा या कायद्यात गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हाही गुन्हा. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत, आणि दंड 5 हजारांपासून 50 हजार रुपयांपर्यंत. भडकवणाराही तितकाच दोषी. पूजा, भजन, कीर्तन यांना या कायद्याने हात लावलेला नाही, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगा.

कुणा बाईवर असं बोट दाखवलं जात असेल, तर गटाने करायच्या गोष्टी साध्या आहेत. पहिलं, तिला एकटी ठेवू नका, दोघी-तिघींनी रोज तिच्या घरी जाऊन बसा. दुसरं, कुजबुज कुणी सुरू केली आणि कधी, ते लिहून ठेवा. तिसरं, आजारी माणसाला दवाखान्यात न्या, कारण कारण कळलं की अर्धी भीती जाते. चौथं, धमकी किंवा मारहाण झाली तर 112 वर पोलिसांना, नाहीतर 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार द्यायला गटाने मिळून जा, दहा बाया एकत्र गेल्या की ठाण्यात बसायला जागा मिळते.

तर येत्या बैठकीला हिशेब आटोपला की कुणाच्या तरी ओट्यावर टीव्ही लावा, मुरमुऱ्याचा चिवडा करा आणि 'झपाटलेला' पाहा. पोरांना, सुनांना, सासूबाईंनाही बोलवा. अगदी लहान लेकरू घाबरलं तर मांडीवर घ्या, त्याला खोटं धाडसी करू नका. पोट दुखेस्तोवर हसा. आणि सिनेमा संपला की लगेच उठू नका, दिवा लावून पंधरा मिनिटं बसा. आपल्या गावात कुणाच्या नावाने कुजबुज चालू आहे का, एवढं एकमेकींना विचारा. असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी चहाला जा.