फुरसुंगीचा मुलगा

आमच्या लोणंदच्या वाचनालयात फास्टर फेणेची मोजकीच पुस्तकं होती, त्यांतल्या एकाचं मुखपृष्ठ कधीच गळून गेलेलं. दुसरं काही मिळेना, म्हणून तीच पुन्हा पुन्हा घरी यायची. पहिल्या वाचनात चोर सापडतो का, एवढंच कळायचं असतं. शेवट पाठ झाल्यावर मात्र मी दुसऱ्याच गोष्टी पाहू लागले: बन्याला, म्हणजे फास्टर फेणेला, संशय नेमका कुठे आला, कुणाच्या बोलण्यात काय विसंगत होतं, मोठी माणसं कुठल्या खुणेवरून सरळ पुढे निघून गेली. आज मी वार्ताहर आहे आणि गावात शिरल्यावर आधी काय पाहायचं, हे मी तिथेच शिकले. पत्रकारितेचा अभ्यास नंतर आला.

बनेश फेणेला जन्म दिला भा. रा. भागवतांनी. ते स्वतः १९१० साली इंदूरला जन्मले. १९५१ मध्ये त्यांनी मुलांसाठी ‘बालमित्र’ मासिक काढलं आणि ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. व्हर्न वाचताना मी थेट समुद्राच्या तळाशी जायचे, ते सुख वेगळंच. पण भागवतांचं मोठं काम मला दुसरं वाटतं. साहसासाठी त्यांनी परदेशी किनारा शोधला नाही. किडकिडीत अंगाचा, सायकल दामटणारा, ‘ट्टॉक्’ असा आवाज काढणारा मुलगा त्यांनी पुण्याजवळच्या एका खेड्यातून उचलला, पुण्याच्या विद्याभवन शाळेत घातला आणि मग २० पुस्तकांमधून प्रतापगडापासून गुलमर्गपर्यंत फिरवला.

ते खेडं खरं आहे, हे मला आगगाडीत कळलं. पुणे-मिरज मार्गावरच्या पॅसेंजरने आम्ही मामाकडे निघालो होतो. जेजुरी गेली, शिंदवणे गेलं, आळंदी गेली आणि पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत आलं: फुरसुंगी. मी आईचा हात इतका घट्ट धरला की तिला वाटलं, मला मळमळतंय. पुस्तकातलं गाव खिडकीबाहेर उभं होतं! तिथे जर गोष्ट घडू शकते तर नीरेत का नाही, लोणंदला का नाही? कांद्याच्या बाजारापलीकडे आमच्या गावात काही घडत नाही, ही माझी समजूत त्या दिवशी मोडली. लहानपणीच्या पुस्तकाने मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

पुढे पुण्याचा कचरा फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या डेपोत टाकण्याविरुद्ध तिथले गावकरी वर्षानुवर्षं आंदोलन करत राहिले. इतरांना ती ‘कचऱ्याची नेहमीची बातमी’ वाटे. मी मात्र ती मागून घेतली. शेतकऱ्यांशी विहिरीच्या पाण्याबद्दल आणि घरात शिरणाऱ्या वासाबद्दल बोलताना हे बन्याचं गाव आहे, हे मनातून जात नव्हतं. त्यामुळे बातमीतलं एकही वाक्य पक्षपाती झालं नाही, पण मी जास्त वेळ थांबले, जास्त घरांत गेले.

२०१७ साली अमेय वाघचा ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट आला तेव्हा भाचीला घेऊन गेले. त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर सुमीत राघवन बन्या झाला होता. पडद्यावरचे दोघेही मला आवडले, तरी पुस्तकातला बन्या जास्त माझा, कारण तो मी स्वतः व्हायचे. भाचीने नंतर पुस्तकं वाचली आणि विचारलं, “मावशी, यात सगळं मुलगाच का करतो?” माझ्या मनात हा प्रश्न कधी आलाच नव्हता. मी बिनदिक्कत बन्या होऊन सायकलवर बसायचे. पण तिचा प्रश्न खरा आहे. खुणा ओळखणारी, धाडस करणारी अशी मुलगी तितक्याच जोमाने कुणीतरी मराठीत लिहावी, एखाद-दुसरं पुस्तक नाही, चांगली लांबलचक मालिका. आणि तिचं गावही नकाशात सापडणारं असावं.