टनाचे ओझे आणि बुटका ट्रॅक्टर

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील व्हरमाँट, न्यू हँपशायर, मेन या राज्यांत, जेथे हिवाळा महिनोन्‌महिने मुक्काम ठोकून बसतो, पुष्कळ कुटुंबे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या शेगडीत जाळून घर उबदार ठेवतात. आणि या इंधनाच्या खरेदीविक्रीत जे परिमाण रूढ झाले आहे ते म्हणजे एक टन, अर्थात ४० पौंडांच्या ५० पिशव्या, एकीवर एक रचून, प्लास्टिकच्या पातळ वेष्टनात आवळून, ४८ बाय ४० इंचांच्या लाकडी पॅलेटवर बसविलेल्या. अमेरिकन टन दोन हजार पौंडांचा, आपल्या हिशेबाने ९०७ किलोंचा. मालमोटारीने हा ढीग फाटकाशी उतरवून दिला की विक्रेत्याची जबाबदारी संपते आणि फाटकापासून चढावरच्या कोठारापर्यंतची मजल गृहस्थाच्या माथी येते. त्याच्या पदरी असतो पंचवीस-तीस अश्वशक्तीचा एक बुटका ट्रॅक्टर, जो उन्हाळ्यात गवत कापतो, हिवाळ्यात बर्फ सारतो, आणि मधल्या काळात मालकाच्या मनात आपल्या सामर्थ्याविषयी अवास्तव कल्पना निर्माण करतो.

या जातीच्या ट्रॅक्टरांचे कूळ जपानचे. १८९० साली ओसाका येथे गोन्शिरो कुबोता यांनी ओतकामाचा जो कारखाना काढला, त्याने प्रथम नाव मिळविले ते पाण्याच्या लोखंडी नळांवर. पुढे भाताच्या चिमुकल्या खाचरांत वळू शकेल असे यंत्र जपानी शेतकऱ्याला हवे झाले तेव्हा त्याच घराण्याने ट्रॅक्टर घडविले, आणि १९६९ मध्ये त्यांचा २१ अश्वशक्तीचा ‘एल २००’ अमेरिकेत उतरला. ज्यांची जमीन शेत म्हणण्याइतकी मोठी नाही आणि परसू म्हणण्याइतकी लहानही नाही, अशा मधल्या वर्गाने त्याला आपलेसे केले. १९९४ पासून या बाजारात आपल्या मुंबईची महिंद्र कंपनीही टेक्सासमधून दुकान थाटून बसली आहे.

पॅलेट उचलावयास या ट्रॅक्टरला दोन मार्ग आहेत. पहिला पुढच्या बाजूचा: पुढच्या उचलणाऱ्या भुजांची, म्हणजे लोडरची, बादली काढून तेथे दोन पोलादी काटे बसवावयाचे, ते पॅलेटच्या फटींत सारावयाचे आणि दांडा ओढावयाचा. कागदोपत्री मजकूर पाहिला तर लोडरची क्षमता भरघोस वाटते. परंतु ती क्षमता पुष्कळदा भुजांच्या टोकाशी असलेल्या खिळीपाशी मोजलेली असते, आणि भार काही खिळीवर येऊन बसत नाही. काट्यांच्या चौकटीची जाडी मध्ये येते, पॅलेटचा मध्य काट्याच्या मुळापासून दोन फूट पुढे पडतो, शिवाय चौकटीचे व काट्यांचे स्वतःचे वजन शंभर किलोंवर जाऊ शकते आणि तेही त्याच खात्यातून वजा होते. येणेप्रमाणे सातशे किलोंची सनद मिरविणारा लोडर प्रत्यक्षात चारशे किलोंच्या पॅलेटपाशी अडखळला तर त्यात कारखानदाराची लबाडी शोधण्याचे कारण नाही. तरफेचा नियम आर्किमिडीजपासून तोच आहे. त्यातही जमिनीपासून वीतभर उठणारे ओझे छातीच्या उंचीला पोहोचेपर्यंत जड होत जाते, कारण भुजांचा कोन बदलतो. मर्यादा ओलांडली की तेलाच्या मार्गातील एक झडप उघडते, पंप कण्हू लागतो, आणि भार जागचा हलत नाही. अशा वेळी झडपेचा स्क्रू आवळून दाब वाढविण्याचा मोह ज्यांना होतो त्यांनी हे ध्यानात घ्यावे की ती झडप म्हणजे पुढच्या आसाला आणि भुजांच्या सांध्यांना दिलेले संरक्षण आहे.

दुसरा मार्ग मागचा. तीन बिंदूंची जोडणी, जिला आपल्याकडचे शेतकरी थ्री पॉइंट लिंकेज किंवा नुसते ‘हायड्रॉलिक’ म्हणतात, तिच्यावर काट्यांची चौकट चढवून ट्रॅक्टर उलटा पॅलेटखाली न्यावयाचा. येथे बळ लोडरपेक्षा बहुधा अधिक असते, भार मजबूत मागच्या चाकांवर पडतो, आणि उचल मात्र दोनअडीच फुटांपलीकडे जात नाही. म्हणजे कोठारात नेऊन ठेवण्यास उत्तम, मालमोटारीवर चढविण्यास निरुपयोगी. या जोडणीचा इतिहास थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण ज्या अपघाताला आवर घालण्याची तजवीज तिच्यात होती तोच अपघात पॅलेट उचलताना मागच्या दाराने परत येऊ पाहतो.

हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडमधील डाउन परगण्यातला १८८४ चा जन्म. तऱ्हेवाईक, हट्टी, स्वतः बांधलेले विमान १९०९ च्या अखेरच्या दिवशी स्वतःच उडविणारा. पहिल्या महायुद्धात, धान्याची टंचाई भासू लागल्यावर, सरकारी शेतकी खात्याने आयर्लंडमधील ट्रॅक्टरांच्या कामावर देखरेख करण्यास त्याला नेमले, आणि तेथे त्याला दिसले की नांगर ट्रॅक्टरच्या मागे साखळीने बांधलेला असतो. तो खडकात अडकला की मागची चाके थांबत नाहीत, पुढची बाजू आसाभोवती उभी राहते, आणि चालक यंत्राखाली सापडतो. त्याने नांगर साखळीवरून काढून ट्रॅक्टरच्या अंगाचाच भाग केला: खाली दोन दांडे, वर एक. माती नांगराचा फाळ मागे ओढते तेव्हा नांगराचा माथा पुढे कलू पाहतो आणि वरचा दांडा दाबला जातो. तो दाब ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना जमिनीवर टेकवून धरतो. शिवाय त्याच दाबावरून हायड्रॉलिकला मातीच्या विरोधाचा अंदाज येतो आणि नांगर आपोआप किंचित वर-खाली होतो. १९३६ मध्ये ही रचना विक्रीस आली. १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी केवळ हस्तांदोलनावर करार झाला, दस्तऐवज असा काही नव्हताच. आणि त्या बेफिकिरीचे फळ म्हणून फोर्डच्या नातवाशी पुढे जो खटला चालला तो १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरांवर मिटला. दरम्यान कॉव्हेंट्रीत त्याचा करडा ‘टीई २०’ पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला, आणि त्यांतल्याच काहींवर बसून एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचला.

आता या जोडणीवर पॅलेट टांगा. माती नाही, विरोध नाही, केवळ लोंबता भार आहे. वरचा दांडा आता दाबला जात नाही, ताणला जातो; आणि पुढच्या चाकांना खाली धरणारी ती शक्ती आता त्यांना उचलू लागते. फर्ग्युसनच्या रचनेने नांगरणाऱ्याला दिलेला जामीन येथे रद्द होतो. भाराचा मध्य मागच्या आसापासून सव्वा मीटर मागे धरला, तर आपल्या टनाचा मागे खेचणारा प्रभाव साडेअकराशे किलो-मीटरच्या घरात जातो. आणि दीड मीटर पुढे असलेल्या पुढच्या आसावर साडेसातशे किलो वजन नसेल तर सुकाणू हातात असूनही ट्रॅक्टर कोणाच्याच ताब्यात राहत नाही. पुढचा लोडर काढून न टाकता बादलीत दगड भरून तो जमिनीलगत ठेवावा, ही जाणकारांची सूचना याच हिशेबातून आली आहे. पुढे काटे लावणाऱ्याने उलट मागे काँक्रीटचा ठोकळा टांगावा. एकूण प्रकार कावडीचा आहे. एका टोकाला घागर लावली की दुसरे टोक मोकळे ठेवून चालता येत नाही.

टायरमध्ये पाणी भरणे हा दुसरा उपाय. थंड प्रदेशात पाणी गोठते म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड विरघळवितात, पण ते रिमला गंजवते. यावर तोड म्हणून तिकडे बीटच्या मळीसारखा रस भरण्याची चाल पडली आहे. हे वजन खाली आणि मागे असल्याने लोडरवाल्यास दुहेरी उपयोगी. कारण ट्रॅक्टर कडेला कलंडण्याचा धोका चार चाकांवरून दिसतो त्याहून मोठा आहे: पुढचा आस मधोमध एका खिळीवर डोलता असतो, त्यामुळे स्थैर्याचा पाया चौकोनी नसून त्रिकोणी ठरतो, दोन मागची चाके आणि पुढची ती खिळी. ओझे वर उचलून आडव्या उतारावर वळण घेणाऱ्याचा गुरुत्वमध्य त्या त्रिकोणाच्या बाहेर केव्हा जातो ते त्याला कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून भार जमिनीपासून टीचभरच उचलावा, चढावर भाराचे तोंड चढाकडे ठेवावे, सीटमागची संरक्षक कमान उभी करून पट्टा बांधावा. आणि ट्रॅक्टर अगदीच लहान असेल तर प्लास्टिक फाडून पंचवीस पिशव्या हातांनी उतरवाव्यात. यात कमीपणा काही नाही. अर्ध्या टनाच्या दोन खेपांनी संध्याकाळपर्यंत काम उरकते.

आपल्या महाराष्ट्रात काटे लावलेला छोटा ट्रॅक्टर क्वचितच दृष्टीस पडतो. येथे माल पोत्यांतून फिरतो आणि पोती हमालाच्या पाठीवरून. ज्या १९६९ साली तो जपानी ट्रॅक्टर अमेरिकेत उतरला, त्याच साली आपल्या विधिमंडळाने माथाडी कामगारांचा कायदा केला, ही गोष्ट दोन देशांच्या ओझ्याच्या इतिहासाविषयी पुरेसे सांगून जाते. निर्यातीच्या द्राक्षांची खोकी पॅलेटवर चढतात खरी, पण ती पॅकहाऊसच्या सपाट फरशीवर, आणि तेथे मागे बिडाचे वजन घेऊनच जन्मलेली फोर्कलिफ्ट हजर असते. मात्र तोच हिशेब आपल्याकडे दोन ठिकाणी रोज मांडला जातो. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाके चढावर हवेत तरंगताना ज्यांनी पाहिली आहेत, आणि त्या देखाव्याला शाबासकी देणारे बघेही पाहिले आहेत, त्यांना फर्ग्युसनच्या चिंतेचे कारण निराळे समजावून सांगावे लागू नये. दुसरे ठिकाण निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांचे. तेथील अरुंद ओळींतून फिरणाऱ्या चोवीस-पंचवीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर मागे लटकविलेला ब्लोअर टाकीतल्या पाण्यासकट काही शे किलो भरतो, आणि औषध भरून ओळीच्या तोंडाशी वळताना सुकाणू हलके लागते. म्हणून तेथले चालक पुढच्या बंपरवर बिडाची वजने चढवितात, आणि फवारणीचा हंगाम संपला तरी ती सहसा उतरवीत नाहीत.