घरगुती वाइन: वेळ, जागा आणि पैसा यांविषयीचे समज

घरच्या घरी वाइन करण्याचा छंद ब्रिटन आणि अमेरिकेत चांगलाच रुजलेला असला, तरी त्याविषयी तिथेही दोन परस्परविरोधी समज शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एका समजानुसार या छंदाला तळघर, रिकामा वेळ आणि चैनीला पुरेल एवढा पैसा लागतो. दुसऱ्यानुसार फळांचा रस, साखर आणि यीस्ट एकत्र करून बरणी कोपऱ्यात ठेवली की काम संपते. वस्तुस्थिती या दोहोंहून वेगळी आहे, कारण या छंदाला लागणारा वेळ थोडा पण नेमक्या क्षणी द्यावा लागणारा, जागा लहान पण महिनोनमहिने अडकून राहणारी आणि पैसा आरंभी बेताचा पण हौसेबरोबर वाढत जाणारा असतो.

वेळेविषयीचा गैरसमज सर्वांत दृढ आहे. वाइन तयार होते ती किण्वनाने, म्हणजे यीस्ट ही एकपेशीय बुरशी रसातील साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू यांत रूपांतर करते त्या क्रियेने, आणि हे काम माणसाच्या देखरेखीवाचून रात्रंदिवस चालू असते. फळे चिरडून यीस्ट घातल्यावर पहिले पाच-सात दिवस सालींचा आणि गराचा वर तरंगणारा थर दिवसातून एकदोनदा ढवळून खाली दाबावा लागतो, ज्याला काही मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. त्यानंतर गाळलेला रस काचेच्या बरणीत भरून तोंडाला एअरलॉक, म्हणजे आतील वायू पाण्यातून बाहेर सोडणारी पण बाहेरील हवा आत न घेणारी नळी, बसवली की काही आठवडे विशेष काही करायचे उरत नाही. पुढे तळाशी साका बसला की वरची निवळ वाइन नळीने दुसऱ्या बरणीत उतरवायची, हे दोनतीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा करायचे आणि सहा महिने ते वर्षभरात बाटल्या भरायच्या, असा साधारण क्रम असतो. सगळे श्रम एकत्र मोजले तर ते एकदोन सुट्ट्यांत मावतील. अडचण एवढीच, की ते एकत्र येत नाहीत.

शिवाय या कामाची तारीख करणाऱ्याच्या सोयीने ठरत नाही. इंग्लंडमध्ये एल्डरफ्लॉवरचा बहर मेअखेरीस व जूनमध्ये येतो, कुंपणावरच्या ब्लॅकबेरी ऑगस्ट-सप्टेंबरात पिकतात आणि पिकलेले फळ कोणाच्या रजेची वाट पाहत नाही, म्हणून वेळ नाही म्हणून छंद सुटला असे म्हणणाऱ्यांची खरी अडचण बहुधा तासांची नसून त्या ठराविक आठवड्याची असते. यावर एक साधा उपाय आहे आणि तो आश्चर्य वाटावे इतका दुर्लक्षित आहे: फळे शीतकपाटातील बर्फाच्या कप्प्यात गोठवून ठेवावीत. गोठताना बनणाऱ्या बर्फाच्या स्फटिकांमुळे फळांच्या पेशी फुटतात आणि वितळल्यावर रस अधिक सहज सुटतो, त्यामुळे लांबणीवर टाकलेले काम काही अंशी सोपेच होते.

जागेबाबत तळघराची आठवण निघते ती बरीचशी अमेरिकन इतिहासामुळे. तेथे 1920 ते 1933 या काळात देशव्यापी दारूबंदी होती, तरी तिच्या अंमलबजावणीच्या कायद्यात घरगुती वापरासाठी ‘मादक नसलेला’ फळांचा रस करण्याची मुभा होती आणि ही पळवाट इतकी रुंद ठरली की कॅलिफोर्नियाची द्राक्षे रेल्वेने पूर्वेकडील शहरांत जाऊ लागली, जिथे इटालियन वंशाची अनेक कुटुंबे घराच्या तळमजल्याखाली पिंपे मांडत असत. या व्यापारात आलिकांते बूशे या वाणाला मोठी मागणी आली, ती चवीसाठी नव्हे, तर जाड सालीमुळे ते दूरचा प्रवास सोसत असे आणि गरही लालच असल्यामुळे चोथ्यावर पाणी व साखर घालून दुसऱ्यांदा वाइन काढली तरी रंग टिकत असे. पिंपांच्या त्या मापाला तळघर लागते, हे खरेच आहे. पण ब्रिटनमध्ये रूढ झालेले माप एका इंपीरियल गॅलनचे, म्हणजे सुमारे साडेचार लिटरचे असून त्यातून 750 मिलिलिटरच्या सहा बाटल्या निघतात, आणि अशा काचेच्या बरणीला, जिला डेमिजॉन म्हणतात, कपाटातील एक कप्पा पुरतो. ती जागा शक्यतो 18 ते 24 अंश सेल्सिअस तापमानाची आणि थेट उन्हापासून दूर असावी, एवढेच पाहायचे. थंडगार तळघर किण्वन मंद करते, म्हणून आरंभी ते उलट गैरसोयीचे ठरू शकते.

मात्र लहान माप म्हणजे सोपे काम, हा निष्कर्षही तितकाच चुकीचा आहे. ॲसिटिक आम्ल तयार करणारे जिवाणू अल्कोहोलचा व्हिनेगर करतात, पण त्यासाठी त्यांना हवा लागते, आणि म्हणूनच लोणच्यावर तेलाचा थर राखतात तशी वाइनचीही हवेपासून राखण करावी लागते. साक्यावरून वाइन उतरवताना दरवेळी थोडी घट होते, बरणीचा गळा रिकामा राहतो आणि हीच घट मोठ्या पिंपात नगण्य असली तरी साडेचार लिटरमध्ये धोक्याची असते. म्हणून अनुभवी मंडळी बरणी तशाच वाइनने भरून काढतात किंवा स्वच्छ केलेल्या काचेच्या गोट्या आत टाकून पातळी गळ्यापर्यंत आणतात.

पैशाचा हिशेब बऱ्याच अंशी साखरेचा हिशेब आहे. एक लिटर रसात साधारण 17 ग्रॅम साखर आंबली की अल्कोहोलचे प्रमाण एक टक्क्याने वाढते, तेव्हा 12 टक्क्यांच्या वाइनला लिटरमागे सुमारे 200 ग्रॅम साखर लागते. पक्व वाइनद्राक्षांत एवढी साखर मुळातच असते, पण ब्लॅकबेरीसारख्या फळांत ती फार कमी असल्यामुळे एका डेमिजॉनमागे किलोच्या आसपास साखर वरून घालावी लागते. ब्रिटनमध्ये युद्धकाळात सुरू झालेले साखरेचे रेशनिंग 1953 मध्ये संपल्यानंतरच या छंदाने बाळसे धरले, हा त्या हिशेबाचाच परिणाम होय. यीस्टची पाच ग्रॅमची पुडी 23 लिटरपर्यंत पुरते, बाटल्या धुऊन पुन्हा वापरता येतात आणि रसाची घनता मोजून साखरेचा अंदाज देणारा हायड्रोमीटर एकदा घेतला की वर्षानुवर्षे चालतो. खर्च फुगतो तो दुसरी, तिसरी, दहावी बरणी घेताना, आणि त्याला छंदापेक्षा संग्रहाची हौस कारणीभूत असते.

महागडी साधने प्रत्येकाने विकत घेतली पाहिजेत, हाही एक गैरसमजच असून तो सर्वच छंदांना चिकटलेला आहे. ब्रिटनमधील वाइनमंडळे फळांच्या दाबयंत्रासारखा वर्षातून एकदोनदाच लागणारा ऐवज सामायिक ठेवू शकतात. फळबाग लावायला ज्यांच्याकडे जमीन नाही, त्यांना 1908 च्या कायद्याने स्थानिक प्रशासनाकडून अलॉटमेंट, म्हणजे नाममात्र भाड्याचा सुमारे अडीचशे चौरस मीटरचा मळ्याचा तुकडा, मागता येतो, जरी त्यासाठी अनेक ठिकाणी मोठी रांग असली. पुण्यात 1944 मध्ये स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या उदाहरणावरूनही हेच दिसते, कारण आकाशनिरीक्षणाच्या छंदात दुर्बीण प्रत्येकाची असण्यापेक्षा ती दाखवणारे मंडळ असणे अधिक मोलाचे ठरते.

घरची वाइन प्यायल्याने आंधळेपणा येतो, ही भीती ऐकीव आहे. फळांतील पेक्टिनमुळे वाइनमध्ये मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल उतरते खरे, पण अत्यल्प. दुर्घटना घडतात त्या मुख्यतः भेसळीच्या दारूने. ऊर्ध्वपातन, म्हणजे वाफ करून अल्कोहोल वेगळे काढणे, ही निराळीच क्रिया असून ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत ती परवान्यावाचून बेकायदेशीर आहे. घरगुती वाइनचा खराखुरा धोका अगदीच सामान्य आहे: किण्वन पुरते संपण्याआधी बाटलीचे तोंड पक्के बंद केले, तर वायूच्या दाबाने काच फुटू शकते.

उरतो प्रश्न कायद्याचा, ज्यात सर्वाधिक घोटाळा होतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एका प्रौढाच्या घराला वर्षाला 100 आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला 200 गॅलन वाइन स्वतःसाठी करमुक्त करता येते, ब्रिटनमध्ये स्वतःच्या वापरासाठी अशी मर्यादा नाही, पण विक्रीला दोन्हीकडे परवाना लागतो, म्हणून छंदाचा खर्च बाटल्या विकून भरून काढण्याचा बेत तिथेही बसत नाही. भारतात मद्य हा राज्यसूचीतील विषय आहे आणि महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्याविना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे. 2001 च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने नाशिक परिसरातील वाइन उद्योगाला चालना दिली, परंतु ती परवानाधारक कारखान्यांना होती. तेथील बागेतून द्राक्षे आणून घरात डेमिजॉन मांडण्याची मुभा त्यातून मिळत नाही, आणि लंडन वा न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाला कायद्याने जे करता येते ते पुण्यातल्या त्यांच्या नातेवाइकांना करता येत नाही.