जुनी रेल्वे-कमान : पादचारी व सायकलस्वारांची वाट

आदिलाबाद जिल्ह्यातील बेला गावातून लोहमार्ग जात नाही. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात मात्र यवतमाळ-मूर्तिजापूर हा अडीच फुटी रुळांचा जुना मार्ग आहे. त्यावरून आता गाडी धावत नाही. गाडी थांबली की तिच्या पुलांचे व मोऱ्यांचे काय करावे, हा प्रश्न अशा प्रत्येक ठिकाणी उभा राहतो.

दगडी कमान सहसा गाडीच्या भाराने मोडकळीस येत नाही. कमानीचे दगड पाचरीच्या आकाराचे असतात. वरचे ओझे त्यांना एकमेकांवर दाबते आणि तो दाब बाजूच्या भिंतींतून जमिनीत उतरतो. रेल्वेच्या भारासाठी बांधलेल्या सुस्थितीतील कमानीला माणसांचा व सायकलींचा भार अगदीच हलका असतो. तिचा खरा शत्रू पाणी होय. झिरपणाऱ्या पाण्याने सांध्यांतील चुना धुऊन जातो, पिंपळाची मुळे दगड उचकटतात आणि पाया खचला की कमान फाकते.

कमान धोक्याची वाटली, की ती भरून टाकण्याचा उपाय सुचतो. इंग्लंडमधील ग्रेट मस्ग्रेव्ह येथील अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथील 1862 सालची, रस्त्याखालील कमान 2021 मध्ये खडी व काँक्रीटने बुजविण्यात आली. लोकांनी हरकती घेतल्या; 2022 मध्ये स्थानिक परिषदेने या कामास परवानगी नाकारली आणि 2023 मध्ये हा सारा भराव उपसावा लागला. भरण्याहून उपसण्याचा खर्च कितीतरी अधिक झाला.

याउलट त्याच देशातील डर्बीशर परगण्यात मॉन्सल येथील पाच कमानींचा पूल 1968 मध्ये रेल्वे बंद झाल्यावरही राखला गेला. 1981 मध्ये त्या मार्गावर पायवाट झाली आणि 2011 मध्ये वाटेतील बोगदेही खुले झाले. आज तेथून पादचारी व सायकलस्वार जातात.

कमान खुली करण्यापूर्वी जाणकार अभियंत्याकडून तिची तपासणी करून घ्यावी. प्रथम पाण्याचा निचरा करावा, मुळे काढावीत, मग दरजा भराव्यात. जुन्या चुन्याच्या बांधकामास शक्यतो चुनाच वापरावा. कडक सिमेंट ओल कोंडून ठेवते. पुलावरून वाट असल्यास कठडे, कमानीखालून असल्यास दिवा व पाणी न साचणारी जमीन हवी. प्रत्येक पावसाळ्यानंतर पाहणी व्हावी.

जागा रेल्वेची असल्याने तिची परवानगी आवश्यक आहे. मार्गावर पुन्हा गाडी सुरू होण्याचा संभव असेल, तर तोही विचारात घ्यावा. म्हणूनच ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील जुने पूल व मोऱ्या यांची नोंद आधीच करून ठेवणे हिताचे ठरेल. उघडी राखलेली कमान उद्या वाटेला किंवा गाडीला, कशालाही उपयोगी पडते. बुजविलेली मात्र पुन्हा मोकळी करण्यास दुप्पट कष्ट पडतात.