पावसाळी इटलीत एकट्याने

दिवाळीच्या सुट्टीत युरोप पाहण्याचा बेत आखणारे अनेक मराठी पर्यटक एक गोष्ट गृहीत धरून चालतात. आपल्याकडे दसरा उलटला की पाऊस संपतो, तेव्हा तिकडेही आभाळ मोकळे असणार! इटलीच्या बाबतीत हा हिशेब नेमका उलटा ठरतो. भूमध्य समुद्राच्या या देशात उन्हाळा कोरडा जातो आणि बहुतेक भागांत पावसाचा जोर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाढतो. उन्हाळाभर तापलेल्या समुद्रावरील दमट हवा आणि उत्तरेकडून उतरणारी थंड हवा यांची गाठ पडते ती याच दिवसांत. रोममध्ये वर्षभरात पडणारा पाऊस मुंबईच्या साधारण एक तृतीयांशच असतो. मात्र तो गारठ्यात पडतो आणि वाऱ्याबरोबर येतो.

सहल कंपनीच्या बसमधून फिरणाऱ्यांची काळजी वाहायला मार्गदर्शक असतो. एकट्या प्रवाशाला ती सोय नसते. सरी कोसळू लागल्या की बेत बदलण्याचे स्वातंत्र्य त्याला असते, परंतु धोक्याची सूचना देणारे शेजारी कोणी नसते. अशा वेळी शहरालाच सोबती करावे लागते. इटलीतील जुनी शहरे शतकानुशतके पाण्याशी व्यवहार करत आली आहेत. तो व्यवहार समजून घेतला, तर पाऊस ही अडचण न राहता शहर ओळखण्याची एक वाट होते. रोम, फ्लॉरेन्स, बोलोन्या आणि व्हेनिस ही एकाच जलद रेल्वेमार्गावरची चार शहरे याची उत्तम उदाहरणे आहेत.

रोममधील पँथिऑन हे सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे मंदिर पाहण्यासाठी तर पावसाचाच दिवस निवडावा. त्याच्या घुमटाच्या माथ्यावर सुमारे नऊ मीटर व्यासाचा झरोका असून तो कायम उघडा असतो. त्यातून पाऊस आत पडत नाही, अशी दंतकथा सांगितली जाते. प्रत्यक्षात तो पडतो आणि थेट संगमरवरी जमिनीवर पडतो. पण ही जमीन मध्यभागी किंचित फुगीर असून तिला बारीक छिद्रे आहेत. पाणी त्यांतून खालच्या नाल्यात निघून जाते. (येथे जुलै २०२३ पासून पर्यटकांना तिकीट काढावे लागते.) बाहेर पडल्यावर मात्र सावध राहिलेले बरे. रोमच्या गल्ल्यांतील काळ्या बेसाल्टचे चौकोनी दगड भिजले की कमालीचे निसरडे होतात. एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात नकाशा उघडलेला मोबाइल असला, की पाठीवरच्या पिशवीकडे लक्ष राहत नाही. गर्दीच्या बसमधील खिसेकापू याच संधीची वाट पाहत असतात. म्हणून छत्रीऐवजी टोपी असलेला रेनकोट आणि खोलगट नक्षीच्या रबरी तळाचे बूट अधिक उपयोगी पडतात.

रोमहून जलद गाडीने दीड तासात फ्लॉरेन्स गाठता येते. येथील अनेक भिंतींवर डोक्याच्याही वर छोट्या पाट्या दिसतात. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचे पाणी कोठवर चढले होते, याच्या त्या खुणा आहेत. सान्ता क्रोचे चर्चच्या परिसरात ते सहा मीटरच्याही वर गेले होते. तेराव्या शतकातील चित्रकार चिमाबुए याने रंगवलेल्या क्रूसावरील बराचसा रंग त्या चिखलात कायमचा वाहून गेला. राष्ट्रीय ग्रंथालयातील लाखो ग्रंथ भिजले. ते बाहेर काढण्यासाठी ठिकठिकाणांहून धावून आलेल्या तरुणांना लोक 'चिखलातले देवदूत' म्हणू लागले. या पुरात सापडलेले वासारीचे 'अंतिम भोजन' हे चित्र दुरुस्त होऊन पुन्हा सान्ता क्रोचेत लागायला २०१६ साल उजाडले. पावसाच्या दिवशी संग्रहालयात आसरा घेणाऱ्याने हा इतिहास जाणून ते चित्र पाहिले, तर त्याला त्यात चित्रापलीकडचेही काही दिसेल.

फ्लॉरेन्सहून अवघ्या चाळीस मिनिटांवर बोलोन्या आहे. पावसात एकट्याने फिरायला याच्याइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल. रस्त्याच्या कडेने कमानींच्या पडव्या येथे मैलोन् मैल पसरल्या आहेत. त्यांची एकूण लांबी सुमारे ६२ किलोमीटर असून त्यातील निवडक भागांना २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मध्ययुगात विद्यापीठामुळे शहराची लोकवस्ती वाढली आणि जागेसाठी लोकांनी घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले. ते पेलण्यासाठी खाली खांब आले. नवीन घराला पडवी ठेवलीच पाहिजे आणि तिच्यातून घोडेस्वार जाऊ शकला पाहिजे, असा दंडक १२८८ मध्ये घातला गेला. यातील सर्वांत लांब पडवी टेकडीवरील सान लुका देवालयापर्यंत जाते. तिला ६६६ कमानी असून लांबी चार किलोमीटरला थोडी कमी आहे. १४३३ साली अतिवृष्टीने पिके बुडू लागली असता येथील मेरीमातेची प्रतिमा शहरात आणली आणि पाऊस थांबला, अशी श्रद्धा आहे. तेव्हापासून दरवर्षी ही प्रतिमा मिरवणुकीने खाली येते. यात्रेकरूंना पावसात भिजावे लागू नये म्हणून १६७४ मध्ये या पडवीचे काम सुरू झाले.

अर्थात, पडवी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. बोलोन्या ज्या एमिलिया-रोमान्या प्रांतात आहे, तेथे मे २०२३ मधील पुरांनी १७ बळी घेतले. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द शहराच्या रस्त्यांवर पाणी शिरले. इटलीतील नागरी संरक्षण यंत्रणा पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चढत्या क्रमाने इशारे देते. नारिंगी वा लाल इशारा असताना नदीकाठ, भुयारी मार्ग आणि तळघरे टाळणे शहाणपणाचे असते. लाल इशाऱ्याच्या दिवशी रेल्वेही थांबू शकते. एकट्या प्रवाशाने रोज सकाळी मुक्कामाच्या ठिकाणी या इशाऱ्याची चौकशी करावी. आणीबाणीसाठी ११२ हा क्रमांक लक्षात असावा.

बोलोन्याहून दीड तासावरील व्हेनिसचे पाणी वेगळ्या जातीचे. तेथील 'अक्वा आल्टा' म्हणजे उंच भरती प्रामुख्याने पावसामुळे येत नाही. भरतीच्या वेळी आग्नेयेकडून वाहणारा सिरोक्को वारा एड्रियाटिक समुद्राचे पाणी उत्तरेकडे रेटतो, तेव्हा खाडी फुगते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी, म्हणजे फ्लॉरेन्स बुडाले त्याच दिवशी, येथे १९४ सेंटिमीटरची विक्रमी पातळी नोंदली गेली. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी ती १८७ सेंटिमीटरवर पोहोचली. त्यानंतर ३ ऑक्टोबर २०२० रोजी 'मोझे' प्रकल्पाच्या ७८ पोलादी दरवाजांनी प्रथमच खरी भरती रोखली. मात्र हे दरवाजे प्रत्येक भरतीला उभे केले जात नाहीत. त्यामुळे सखल भागांत छोट्या भरतीचे पाणी येऊ शकते. सुदैवाने ते काही तासांत ओसरते आणि त्याचा अंदाज आधी जाहीर होतो. चाकांची जड बॅग पायऱ्यांच्या पुलांवरून एकट्याने ओढण्याचा प्रसंग टाळायचा, तर मुक्काम रेल्वे स्थानकाजवळ असावा.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इटलीतील घड्याळे एक तास मागे घेतली जातात. नोव्हेंबरच्या मध्यास फ्लॉरेन्समध्ये पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. नव्या शहरात पोहोचण्याची वेळ दुपारीच ठेवली, तर भर पावसात आणि अंधारात मुक्कामाचे दार शोधत फिरावे लागत नाही. एवढी तजवीज केली, की पाऊस लागताच एखाद्या कमानीखाली थांबून तो उघडण्याची वाट पाहता येते. शेकडो वर्षे तेथील माणसे हेच करत आली आहेत.