मुलांमधील क्रोन्स आजार : औषधांच्या धोक्याचा हिशेब

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी बहुधा लसीकरण किंवा बालआहार यांवरच लिहीत आलो आहे. यंदा विषय बदलला, त्याला कारण चार घड्या घातलेला, मुंगीच्या अक्षरांत छापलेला एक कागद. ॲझाथायोप्रिनच्या खोक्यातून निघालेले ते माहितीपत्रक घेऊन एका तेरा वर्षांच्या मुलीची आई गेल्या वर्षी माझ्यासमोर बसली होती. एका ओळीखाली पेनाने दोनदा रेघ ओढली होती. "डॉक्टर, इथे लिम्फोमा लिहिलंय. म्हणजे कॅन्सरच ना? आतड्याच्या दुखण्याला ही गोळी कशी द्यायची मी?" गोळ्यांची पट्टी आठ दिवस घरात तशीच पडून होती. (या लेखातील रुग्णांचे तपशील ओळख पटू नये इतपत बदलले आहेत.)

प्रश्न रास्त होता, आणि "काळजी करू नका" हे त्याचे उत्तर नव्हते.

क्रोन्स आजाराचे नाव ज्यांच्यावरून पडले ते बरिल क्रोन न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातले. १९३२ साली त्यांनी गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांच्यासह तो प्रसिद्ध निबंध लिहिला. लेखकांची नावे वर्णानुक्रमे छापली गेली, म्हणून आजाराला क्रोन यांचे नाव लाभले. स्कॉटलंडच्या डॅल्झिएल या शल्यचिकित्सकांनी १९१३ सालीच असे रुग्ण वर्णिले होते. त्यांचे नाव मात्र मागे राहिले. असो. आतड्याच्या भिंतीचा पूर्ण थर धरणारी ही दीर्घकालीन दाह-प्रक्रिया आहे. ती मधूनच शांत होते, पुन्हा उसळते आणि वर्षानुवर्षांत आतडे अरुंद करते किंवा नासूर निर्माण करते. मुलांत याला आणखी एक पदर असतो, तो म्हणजे वाढीचा. पौगंडावस्थेत उंची वाढण्याचा काळ मोजका असतो. त्या काळात दाह धगधगत राहिला, तर गेलेली उंची पुढे कोणत्याही औषधाने परत मिळत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो. पण पटले ते एका मुलामुळे. माझ्या व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत अकरा वर्षांचा एक मुलगा आला. पोटदुखी, बारीक ताप, घटलेले वजन. आपल्याकडे अशा वेळी पहिला विचार आतड्याच्या क्षयाचा येतो, आणि तो यायलाही हवा. दुर्बिणीतून आणि सूक्ष्मदर्शकाखालीही हे दोन आजार कित्येकदा सख्ख्या भावांसारखे दिसतात. मी क्षयाचे उपचार सुरू केले आणि फारसा गुण नसताना नऊ महिने चालू ठेवले. आज तसे करू नये. क्षयाची औषधे सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांत पुन्हा दुर्बिणीने पाहावे. व्रण भरलेले नसतील तर निदानाचा फेरविचार करावा. पुढे निदान क्रोन्सचे ठरले. मग मी प्रेडनिसोलोन दिले आणि मुलगा दहा दिवसांत खेळू लागला. गाल वर आले. आजी म्हणाली, "पोरानं अंग धरलं हो!" डोस कमी केला की दुखणे उसळे, म्हणून पुन्हा वाढवला. असे पावणेदोन वर्षे चालले. ॲझाथायोप्रिन तेव्हाही उपलब्ध होते. पण त्याचे धोके मला मोठे वाटत होते आणि स्टिरॉइड हाताखालचे, ओळखीचे वाटत होते. तो मुलगा आज नोकरी करतो, दिवाळीला भेटतो. त्याची उंची त्याच्या धाकट्या भावाच्या खांद्याला लागते.

ओळखीच्या औषधाचा धोका आपल्या नजरेतून सुटतो, ही माझी तेव्हाची चूक. स्टिरॉइडच्या वेष्टनावरची कोणतीही ओळ पालकांना घाबरवत नाही. पण वाढ खुंटणे, हाडे विरळ होणे, मोतीबिंदू, मनःस्थितीतील बदल आणि गंभीर जंतुसंसर्ग ही त्याची देणी आहेत. शिवाय ते दाह तात्पुरता दाबते. आजार दूर ठेवण्याच्या कामी त्याचा उपयोग नाही. म्हणूनच आता मुलांमध्ये सुरुवातीला शक्यतो स्टिरॉइड टाळून केवळ द्रव पोषण-आहार सहा ते आठ आठवडे देतात. त्या काळात पोळी नाही, भात नाही, फक्त तो आहार आणि पाणी. सुमारे दहापैकी आठ मुलांत आजार त्याने शांत होतो, आणि दुष्परिणाम म्हणावा तर चवीचा कंटाळा. आपल्या घरांत, जिथे मूल जेवले नाही तर आजी जेवत नाही, तिथे हे पाळणे औषधापेक्षा अवघड असते. या मुलीने ते पाळले होते. पुढे आजार शांत राहावा म्हणून पोटविकारतज्ज्ञांनी ॲझाथायोप्रिन लिहिले, आणि तो कागद आमच्या दोघांच्या मध्ये आला.

तेव्हा मी त्यांच्यापुढे आकडे मांडले. फ्रान्समधील १,८९,२८९ प्रौढ रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. यांपैकी कोणतेच औषध न घेणाऱ्या दहा हजार रुग्णांत वर्षाला साधारण अडीच जणांना लिम्फोमा झाला. एकटे ॲझाथायोप्रिन किंवा त्याच वर्गातले औषध घेणाऱ्यांत साडेपाच जणांना. इन्फ्लिक्सिमॅबसारखे टीएनएफ-विरोधी औषध एकटे घेणाऱ्यांत चार जणांना. आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत साडेनऊ जणांना. "धोका दुप्पट" हे शब्द खरेच आहेत. पण दुप्पट कशाच्या, हे सांगितल्याशिवाय ते अपुरे राहतात. मी त्यांना म्हटले, "ताई, नवरात्रात गरब्याचं मोठं मैदान आठवा. दहा हजार माणसं. एका वर्षात त्यांतल्या तिघांना हा आजार औषधामुळे जास्तीचा होईल. उरलेल्यांना होणार नाही. पण ते तिघं कोण, हे मला सांगता येत नाही." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि औषध नाही दिलं तर मैदानावर किती जणांचं आतडं बिघडेल?" हिशेबाची दुसरी बाजू त्यांनी स्वतःच मांडली होती. त्या बाजूचे आकडे दहा हजारांत मोजावे लागत नाहीत. अरुंद झालेले आतडे, नासूर आणि शस्त्रक्रिया यांची गणती शंभरांतच करावी लागते.

लहान मुलांविषयी वेगळे सांगायला हवे. इन्फ्लिक्सिमॅबच्या सुरक्षिततेची पाहणी करणाऱ्या, पाच हजारांहून अधिक मुलांच्या नोंदवहीचे निष्कर्षही २०१७ सालीच आले. कर्करोग झालेल्या १५ जणांपैकी १३ जणांनी ॲझाथायोप्रिनच्या वर्गातले औषध कधी ना कधी घेतले होते. यकृत-प्लीहेचा एक दुर्मीळ, बहुधा प्राणघातक लिम्फोमा आहे; तो प्रामुख्याने तरुण पुरुषांत आणि या वर्गाची औषधे घेतलेल्यांत आढळला आहे. म्हणून मुलग्यांच्या बाबतीत ॲझाथायोप्रिन, विशेषतः जोडीने, देताना आता हात आखडता घेतला जातो.

ज्यांना ते द्यायचे, त्यांच्यासाठी व्यवसायबंधूंना एक सूचना. पाश्चात्त्य ग्रंथ टीपीएमटी तपासायला सांगतात; आशियाई लोकांत एनयूडीटी-१५ या जनुकातील बदल अधिक महत्त्वाचा आहे. दोन्ही प्रती सदोष असतील तर नेहमीच्या मात्रेतही पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने खाली येतात. पहिल्या महिन्यात आईने "केस मुठीमुठीने गळताहेत" म्हटले, तर तेल बदलायला सांगू नका. गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासा. आणि मेथोट्रेक्सेट लिहिताना "आठवड्यातून एकदा" एवढ्यावर थांबू नका, वार लिहा. ते रोज घेऊन तोंडात फोड आलेला एक मुलगा माझ्याकडे आला होता, सुदैवाने वाचला.

पुन्हा त्या मुलीकडे येतो. आकड्यांची चर्चा झाल्यावर मी तिला तपासले. उंची चौदा महिन्यांत जेमतेम दोन सेंटिमीटर वाढली होती. सिस्टरांच्या उपस्थितीत गुदद्वाराची बाजू पाहिली, तेव्हा तिथे एक बारीक छिद्र होते. लाजेपोटी तिने ते कोणालाच सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते. त्याने तराजूच बदलला. नासूर असेल तर टीएनएफ-विरोधी औषधांचे पारडे स्पष्टपणे जड होते. तज्ज्ञांशी फोनवर बोललो. आत गळू नाही हे एमआरआयने पाहून घेतले आणि इन्फ्लिक्सिमॅब ठरले, तेही ॲझाथायोप्रिनच्या जोडीविना. अमेरिकेत मुलांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कमी मात्रेतील मेथोट्रेक्सेटची जोड अॅडालिमुमॅबला उपयोगी ठरली, इन्फ्लिक्सिमॅबला नाही. म्हणून तेही नको असे ठरले.

आपल्या देशात या औषधाचा सर्वांत मोठा धोका लिम्फोमाचा नसून क्षयाचा आहे. २००१ सालीच इन्फ्लिक्सिमॅबनंतर उद्भवलेल्या क्षयाचे ७० रुग्ण नोंदले गेले. निम्म्याहून अधिकांत तो फुप्फुसाबाहेर होता. टीएनएफ हाच सुप्त जंतूंना कोंडून ठेवणारा पहारेकरी आहे. तो हटवला की कोंडलेले जंतू सुटतात. मुलीच्या आजोबांना चार वर्षांपूर्वी क्षय झाला होता, हे विचारल्यावर कळले. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, आयजीआरए तपासणी मात्र सकारात्मक आली. आयसोनियाझिड सुरू करून महिनाभर थांबलो. ज्यांची तपासणी नकारात्मक येते, त्यांनाही खोकला, ताप वा वजनघट दिसताच नव्याने पाहावे लागते.

त्या महिन्यात मी एक राहिलेले काम केले. तिला कांजिण्या आल्या नव्हत्या आणि लसही झाली नव्हती. जिवंत लस प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू होण्यापूर्वी चार आठवडे द्यावी लागते. एक मात्रा बसली, दुसरीला वेळ उरला नाही. द्रव आहाराच्या आठ आठवड्यांत दोन्ही सहज झाल्या असत्या. त्या काळी ती माझ्याकडे सर्दीसाठी दोनदा येऊन गेली होती. मी विचारायला हवे होते.

स्त्रीरोगतज्ज्ञ आणि नवजातांची काळजी घेणाऱ्या मित्रांसाठी याला जोडूनच. गरोदरपणात मातेने इन्फ्लिक्सिमॅब घेतले असेल, तर ते वारेतून बाळात उतरते आणि कित्येक महिने राहते. ब्रिटनमध्ये अशाच एका बाळाला तिसऱ्या महिन्यात बीसीजी दिली गेली आणि ते दगावले. ही घटना २०१० साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडे बीसीजी जन्मल्याबरोबर देतात, विचारण्याआधीच. अशा बाळाला ती किमान सहा महिने देऊ नये. युरोपातील नियामकांनी इन्फ्लिक्सिमॅबसाठी ही मुदत बारा महिने केली आहे. रोटाव्हायरसची लसही जिवंत असते, हे विसरू नये. मातेची फाइल पाहिल्याशिवाय सुई उचलू नका.

खर्चाचा प्रश्न उरतोच. डिसेंबर २०१४ मध्ये शेजारच्या अहमदाबादच्या कंपनीने अॅडालिमुमॅबचे जगातले पहिले बायोसिमिलर बाजारात आणले. इन्फ्लिक्सिमॅबचीही देशी रूपे मिळतात. तरीही मध्यमवर्गीय घराला हा भार जाणवतो, आणि पैशांअभावी मध्येच डोस चुकला तर शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पुढच्या सलाइनच्या वेळी प्रतिक्रिया येण्याचा धोका वाढतो. म्हणून पहिल्या डोसाआधी वर्षभराच्या खर्चाचे बोलून घ्यावे, हेही उपचाराचाच भाग समजावे.

मुलगी आता आठ आठवड्यांनी सलाइन घ्यायला जाते. छिद्रातून येणारा स्राव थांबला आहे, उंची वर्षात साडेपाच सेंटिमीटर वाढली आहे. औषध कधी बंद होईल, हे तिच्या आईने विचारले. बंद केल्यावर अनेकांत आजार परततो आणि कोणाचा परतेल हे आधी सांगता येत नाही, असे मी सांगितले. त्यांच्या फाइलीत आता इन्फ्लिक्सिमॅबचे माहितीपत्रक आहे. त्यात तीन ओळींखाली रेघा आहेत. दोन प्रश्नांची उत्तरे दिली. तिसऱ्यासाठी त्या येत्या मंगळवारी येणार आहेत.