एका सर्व्हरमुळे ४६ कोटी डॉलर बुडाले! ऑपरेशनल रिस्क म्हणजे काय आणि ती सांभाळायला शिकतात कशी?

यूपीआयने पैसे पाठवले, खात्यातून कापले गेले, पण समोरच्याला मिळालेच नाहीत. असा अनुभव तुम्हालाही कधी ना कधी आला असेल. इथे कोणी सट्टा खेळलं नाही, कोणी कर्ज बुडवलं नाही, तरी पैसे अडकलेच. रोजचं काम करताना काहीतरी बिघडून नुकसान होण्याच्या या शक्यतेला ऑपरेशनल रिस्क म्हणतात.

जगभरातल्या बँकांसाठी नियम ठरवणारी बासेल समिती या जोखमीची चार कारणं सांगते: प्रक्रिया, माणसं, सिस्टिम आणि बाहेरच्या घटना. पूर, वीज जाणं किंवा सायबर हल्ला या बाहेरच्या घटना झाल्या. बाकी तिन्ही कारणं ऑफिसच्या आतच असतात.

ही जोखीम कशी सांभाळायची याचं रीतसर प्रशिक्षण मिळतं. त्यात काय शिकवतात ते एका खऱ्या घटनेवरून समजून घेऊया.

४५ मिनिटांत काय घडलं?

नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर ट्रेडिंग कंपनी. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची एक नवी योजना सुरू होणार होती. त्यासाठी कंपनीने आपलं ऑर्डर पाठवणारं सॉफ्टवेअर बदललं. नवा कोड ८ सर्व्हरवर टाकायचा होता, पण तो ७ वरच गेला. एक राहून गेला.

त्या आठव्या सर्व्हरवर २००३ पासून वापरात नसलेला जुना कोड तसाच पडून होता. नव्या सॉफ्टवेअरने जो फ्लॅग, म्हणजे चालू-बंदचा खटका वापरला, तोच पूर्वी या जुन्या कोडसाठी होता. बाजार उघडला, खटका चालू झाला आणि जुना कोड जागा झाला. ग्राहकांच्या फक्त २१२ ऑर्डरींवरून त्याने लाखो ऑर्डरी पाठवल्या. १५४ शेअर्समध्ये ४० लाखांहून जास्त सौदे झाले. नुकसान ४६ कोटी डॉलरच्या वर गेलं. तग धरण्यासाठी कंपनीला काही दिवसांतच बाहेरून ४० कोटी डॉलर उभे करावे लागले आणि पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

‘चूक कोणाची?’ हा प्रश्न पुरत नाही

आपण पटकन म्हणू, ज्याने सर्व्हर विसरला त्याची चूक. पण माणूस विसरणारच, हे रिस्क मॅनेजमेंटमध्ये गृहीत धरलेलं असतं. खरा प्रश्न असा: तो विसरला तर त्याला अडवणारं काय होतं? या अडवणाऱ्या गोष्टीला कंट्रोल म्हणतात. त्याचे तीन प्रकार बघा.

१. आधीच रोखणारा: कोड टाकल्यावर दुसऱ्या माणसाने सगळे सर्व्हर तपासणं. तसा लेखी नियमच कंपनीत नव्हता.

२. वेळेत पकडणारा: त्या दिवशी बाजार उघडण्याआधी सिस्टिमने एरर सांगणारे ९७ ईमेल पाठवले होते. पण ते अलार्म म्हणून बनवलेलेच नव्हते. त्यामुळे कोणी हललं नाही.

३. नुकसान थांबवणारा: ठरावीक मर्यादा ओलांडली की ऑर्डरी आपोआप बंद व्हायला हव्या होत्या. तशी सोय नव्हती. उलट गोंधळात टीमने बरोबर चालणाऱ्या ७ सर्व्हरवरूनच नवा कोड काढला, आणि तिथेही जुना कोड सुरू झाला!

अमेरिकेच्या बाजार नियामकाने २०१३ मध्ये कंपनीला १.२ कोटी डॉलरचा दंड केला, तो नेमका हे कंट्रोल नसल्याबद्दल.

मग एंटरप्राइझ रिस्क काय?

ऑपरेशनल रिस्क हा जोखमीचा एक प्रकार. एंटरप्राइझ रिस्क मॅनेजमेंट म्हणजे सगळ्या कंपनीची जोखीम एकत्र बघणं. कोड टाकणं हे आयटीचं काम, पण बुडाले ते कंपनीचे पैसे. म्हणून रिस्क रजिस्टर ठेवायला शिकवतात. त्यात प्रत्येक जोखमीपुढे चार गोष्टी लिहायच्या: घडण्याची शक्यता किती, घडल्यास फटका किती, कंट्रोल कोणता आणि जबाबदार कोण. ‘जबाबदार’चा रकाना रिकामा राहिला, की ते ९७ ईमेल सगळ्यांचे होतात आणि कोणाचेच राहत नाहीत.

शिकायचं कुठे?

फायनान्सकडे जायचं असेल तर ‘गार्प’ या संस्थेची एफआरएम परीक्षा आहे. तिचे दोन भाग असतात आणि ऑपरेशनल रिस्क दुसऱ्या भागात येते. आयटीवाल्यांसाठी ‘इसाका’ची क्रिस्क आहे. परीक्षा आधी देता येते, पण सर्टिफिकेट हातात पडायला एफआरएमसाठी २ आणि क्रिस्कसाठी ३ वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. बँकेत नोकरी करणाऱ्यांसाठी मुंबईच्या आयआयबीएफचे कोर्स आहेत. आणि भारतात हे ज्ञान लागतंय: रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये ऑपरेशनल रिस्कबद्दल नवी मार्गदर्शक सूचना काढली.

फी भरण्याआधी एक सराव फुकटात करून बघा. कॉलेजचा प्रोजेक्ट, इंटर्नशिप किंवा घरचं दुकान, काहीही घ्या. त्यात बिघडू शकतील अशा पाच गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढे वरचे चार रकाने भरा. दुकानाचा सगळा हिशेब एकाच फोनमध्ये असेल आणि बॅकअप नसेल, तर कंट्रोलचा रकाना रिकामा दिसेल. तो आजच भरून टाका. हे करताना मजा आली, तर हे क्षेत्र तुमच्यासाठी आहे असं समजा.